चुकलेल्या दारातली पालखी

माझ्या हातून जी थोडीफार पुण्यकर्मं झाली, ती सगळी चुकून झाली. ठरवून जी केली, त्यांची निस्तरानिस्तर अजून चालू आहे. आता पन्नाशीच्या आतच माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून शिमग्याला आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावातली आमची मंडळी मला चाकांच्या खुर्चीत बसवून पालखीबरोबर नेतात आणि 'ही प्रथा काकांनी सुरू केली' असं नव्या विद्यार्थ्यांना सांगतात. तेव्हा मी मान खाली घालतो. पोरांना तो विनय वाटतो. मी हसू दाबत असतो. प्रथा मी सुरू केली हे खरंच आहे. पण एखादा माणूस पाणी आणताना घसरून आपटतो, घागर फुटते आणि पुढे त्या जागी छान अळू उगवतं, त्यात त्या माणसाचं जितकं कर्तृत्व, तितकंच यात माझं.

तेव्हा मी विद्यार्थी होतो. निदान व्हिसावर तसं लिहिलेलं होतं. डून लेरीत, समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो: मी पुण्याचा, चिन्मय नागपूरचा आणि संदेश गुहागरच्या पुढे खाडीकाठी असलेल्या एका गावचा. खिडकीतून समुद्र दिसायचा नाही, फक्त त्याचा वास यायचा आणि छपरावर सीगल पक्ष्यांची भांडणं चालायची, अगदी नळावरच्यासारखी. पण त्या घराचा खरा आवाज म्हणजे धुराचा अलार्म. आयर्लंडमध्ये तो बसवणाऱ्याने फोडणी हा प्रकार आयुष्यात पाहिला नसावा. मोहरी तडतडली की तो किंचाळायचा. मग चिन्मय, जो आमच्यात सगळ्यात उंच, सहा फुटांवर होता, टॉवेल घेऊन त्याच्याखाली उभा राहायचा आणि राजावर चवरी ढाळावी तसा वारा घालायचा. त्यामुळे आमच्याकडे स्वयंपाकाला दोन माणसं लागायची, एक कढईपाशी आणि एक चवरीपाशी. घरमालक कधीमधी डोकवायचा, धुराने भरलेल्या खोलीकडे बघून 'ग्रँड, ग्रँड' म्हणायचा आणि निघून जायचा. इकडे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. घर जळत नाहीये ना, मग ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या हातचं खाऊन आम्ही जगलो नसतो. जगलो ते माईंमुळे. माई म्हणजे संदेशची आई. संदेशची मोठी बहीण, सुप्रियाताई, स्वोर्ड्सला राहायची. तिचा नवरा विमानतळाजवळच्या एका ऑफिसात होता आणि त्याच्या पाळ्या घड्याळाला न जुमानणाऱ्या होत्या. ताईचं पहिलंच बाळंतपण, म्हणून माई गावाहून आल्या होत्या. दर रविवारी आम्ही तिघं डार्टची लोकल पकडून शहरात आणि तिथून बसने स्वोर्ड्सला जायचो, 'ताईची विचारपूस करायला'. विचारपूस दारातच उरकायची. मग घावणे, कुळथाचं पिठलं, भात, आणि माईंनी पिशवीत लपवून आणलेल्या आमसुलांची कढी. मी एकदा सोळा घावणे खाल्ले, तेव्हा माई ताईला म्हणाल्या होत्या, "गो सुप्रिया, दिवस तुला गेलेत की ह्या अनिरुद्धाला?"

फेब्रुवारी संपत आला आणि पिठल्यात मीठ पडेनासं झालं. पुढच्या रविवारी घावणे करपले. त्याच्या पुढच्या रविवारी जेवणच नव्हतं. ताईने पोटावर हात ठेवून ओव्हनमध्ये पिझ्झा गरम केला आणि डोळ्यांनीच जिन्याकडे खूण केली. जिन्याखाली माईंची बॅग उभी होती. भरलेली. कुलूप लावलेली. माई तिच्या शेजारच्या खुर्चीत, एस.टी.ची वाट बघत बसावं तशा बसल्या होत्या.

"रोज भरते," ताई हळूच म्हणाली. "संध्याकाळी कपडे काढते, सकाळी परत भरते. शिमग्याला घरी जायचं म्हणते. माझी तारीख कधीही येईल आणि ही विमानाचं विचारतेय."

शिमगा म्हणजे मला पुणेकराला रंग आणि पुरणपोळी एवढंच ठाऊक. संदेशने मला त्या परतीच्या बसमध्ये शिमगा सांगितला. त्यांच्याकडे होळीनंतर ग्रामदेवी देवळातून बाहेर पडते. वर्षभर माणसं तिच्याकडे जातात. शिमग्यात ती माणसांकडे येते. पालखीत बसून, ढोल-ताशाच्या गजरात, वाडीवाडीतून, दर एका घरी. मुंबईला गेलेली माणसं नोकरीवर पाणी सोडून गावी येतात ती एवढ्यासाठी, की पालखी आली तेव्हा आपलं दार उघडं असावं. संदेशचे वडील तो लहान असतानाच गेले होते. तेव्हापासून घराचा मान माईच सांभाळायच्या. त्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हापासून एकदाही ते दार पालखीपुढे बंद राहिलं नव्हतं. यंदा राहणार होतं.

"मग शेजाऱ्यांकडे चावी द्यायची ना," मी म्हटलं.

"शेजारी पार्वतीकाकू आहे."

"मग?"

"तिच्याशी आई बोलत नाही. फणसावरून." झाड यांच्या आवारात, फणस त्यांच्या अंगणात, असं ते प्रकरण होतं. दोघींचा अबोला संदेशच्या दहावीच्याही आधीपासूनचा. "चावी आईच्या पर्समध्ये आहे. इथे, स्वोर्ड्सला."

एवढं ऐकून एखाद्या सुज्ञ माणसाने हळहळ व्यक्त केली असती. मला मात्र करपलेले घावणे दिसत होते. मी म्हणालो, "पालखी आपण काढू. माईंच्या दारात नेऊ." हे वाक्य मी पोटातून बोललो हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, सगळे समजतात हृदयातून.

संदेश घाबरला. देवाची चेष्टा होईल म्हणाला. शेवटी त्याने गावच्या गुरवकाकांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, पलीकडे कोंबडा आरवत होता. गुरवकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नारळात ती हाय रे, बाकी सगळा लाकूड. दोन गोष्टी सांभाळा, झाला. एकदा उचलल्यावर भुईला टेकवायची न्हाय. आनि ज्या दारात उभी ऱ्हाईल तिथनं ओवाळून घेतल्याबिगर फिरवायची न्हाय. ती कोनाच्या दारातनं तशीच जात न्हाय."

"एवढंच ना!" मी म्हटलं. आयुष्यात 'एवढंच ना' म्हटलं की मागून काय येतं, हे मला अजून शिकायचं होतं.

पालखी केली ती माझ्या कपाटाच्या खणाची. दांडा म्हणून पडद्याचा लाकडी रॉड. त्यानंतर वर्षभर माझ्या विजारी खुर्चीवर राहिल्या आणि आमच्या बैठकीच्या खोलीत शेजाऱ्यांना सगळं दिसत राहिलं. आत ताईच्या लग्नातला शालू घडी करून, त्यावर पितळी तांब्या, तांब्यात नारळ, नारळाला हळदकुंकू, आणि संदेशच्या टेबलावरची देवीची छोटी तसबीर. झेंडू मिळेना, म्हणून डॅफोडिल्स. मार्चमध्ये आयर्लंडला पिवळं काही हवं असेल तर ते सगळीकडे उगवलेलंच असतं. ढोलाची अडचण कॉनरने सोडवली. कॉनर आमच्या वर्गातला, कासलबारचा पोरगा, खांद्यावर ओझं असो वा नसो कायम हसणारा. त्याच्याकडे बकऱ्याच्या कातड्याचं, आपल्या मोठ्या डफासारखं एक वाद्य होतं. संदेशच्या फोनवरची गावच्या ढोलाची चाल त्याने चहा पिता पिता उचलली आणि विचारलं, "याच्यावर माणसं नाचतात की भांडतात?" संदेश म्हणाला, "दोन्ही." कॉनर म्हणाला, "मग हे आमच्याकडचंच आहे."

ठरलं असं की संदेश सकाळीच पुढे जाणार आणि माईंना घरात, बॅगेपासून शक्य तितकं दूर ठेवणार. पालखी पुढून मी, मागून चिन्मय, ढोल कॉनर. वाट दाखवायची माझ्याकडे. संदेशने विचारलंही होतं, "पत्ता लिहून देऊ?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने मला माझं नाव लिहून देऊ का विचारलं. इतक्या रविवारी गेलो होतो! आता विचार करताना लक्षात येतं की त्या सगळ्या रविवारी मी डोळे मिटून, संदेशच्या मागे मागे, वासावर चालत गेलो होतो.

मी पाच फूट चार इंच, चिन्मय सहावर. त्यामुळे देवी निघाल्यापासून माझ्याकडे कलली होती. दर चार पावलांनी तांब्या घसरत माझ्या मानेला भिडायचा.

"बे अन्या, जरा टाचा वर कर ना बे," मागून चिन्मय.

"तू गुडघे वाकव."

"गुडघे वाकवून स्वोर्ड्सपर्यंत? मी काय बदक हाओ का?"

डून लेरीच्या स्टेशनवर आम्ही खांद्यावर पालखी घेऊन उभे राहिलो. लांबट पेटी, वरून कापड, फुलं, आणि पुढे मागे गंभीर चेहऱ्याची दोन माणसं. फलाटावरचे लोक हळूहळू गप्प झाले. एका आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली, पुढे येऊन माझा हात दाबला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या दुःखात आम्ही आहोत, बाळांनो." इकडे मयताला हेच म्हणायची रीत. कॉनरने सांभाळून घेतलं, "छे छे, ती ग्रँड आहे. देवी आहे. पाहुणी चाललीय." आजोबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, पालखीकडे पाहून ती पुन्हा काढली, आणि या वेळी हसून काढली.

गाडीत पालखी खांद्यावर मावेना. मग आम्ही समोरासमोरच्या आसनांवर बसलो आणि ती चार मांड्यांवर घेतली; दोन माझ्या, दोन चिन्मयच्या. मांडीवर ठेवणं म्हणजे भुईला टेकवणं होतं का, यावर समुद्र संपेपर्यंत आमचा वाद चालला. चिन्मयचं म्हणणं, मांडी ही जमीन नाही, कारण जमिनीला मुंग्या येत नाहीत. बसमध्ये चालकाने पालखीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि बाबागाड्यांसाठी राखलेली जागा मोकळी करून दिली. तिथे आम्ही पाऊण तास उभे होतो. त्या दिवशी माझ्या उजव्या खांद्याला जे झालं ते पावसाळी हवेत अजून आठवण करून देतं. आणि आयर्लंडमध्ये हवा कायमच पावसाळी.

स्वोर्ड्सला उतरल्याबरोबर कॉनरने ढोल सुरू केला. मी ऐटीत पुढे निघालो. आता इकडच्या वसाहतींचं काय असतं, बिल्डर एका झाडाचं नाव पकडतो आणि मग त्या एकाच झाडाचं अव्हेन्यू, ग्रोव्ह, कोर्ट आणि क्लोज काढतो. सगळीकडे तीच विटांची घरं, तीच कुंपणं, आणि प्रत्येक गल्लीत एक बावीस नंबर. ताईचं घर क्लोजमध्ये होतं. मी पालखी कोर्टात नेली. नंबर बावीस, लाल दार. ताईचंही दार लालच होतं, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. दारात उभा राहून मी घसा फोडून ओरडलो, "माई! देवी आली!" चिन्मयने मागून पालखी हलवायला सुरुवात केली, कॉनरचा हात असा चालला की पलीकडच्या घरातला कुत्रा सुरात रडू लागला.

दार उघडलं. हातात भांडी पुसायचं फडकं, कपाळावर चढवलेला चष्मा, पांढरे केस. एक आयरिश आजी. त्यांचं नाव ब्रीडा, हे नंतर कळलं. त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं आणि प्रेमाने म्हणाल्या, "लवकर आलात रे पोरांनो. सेंट पॅट्रिकच्या सणाची मिरवणूक शनिवारी आहे."

ढोल थांबला. कुत्रा थांबला.

"अन्या," चिन्मय अत्यंत शांतपणे म्हणाला, "हे आपलं घर नोहे बे."

"माफ करा, चुकलो," मी आजींना म्हटलं आणि वळायला लागलो. पालखी वळेना. मागे चिन्मय खांबासारखा उभा.

"गुरवकाकांनी काय सांगितलं होतं? ओवाळल्याशिवाय फिरवायची नाही."

"अरे पण हे चुकीचं दार आहे!"

"काकांनी बरोबर दार, चुकीचं दार असं म्हटलं होतं का? 'ज्या दारात उभी राहील' म्हटलं होतं. ही उभी आहे. माझ्या मानेला विचार."

तिकडे ताईच्या घरी माई वाट बघत असतील, इकडे देवी कोर्टात अडकलेली, आणि खांदा म्हणजे माझा राहिलेलाच नव्हता. मी कॉनरकडे पाहिलं. तो पुढे झाला आणि त्याने सगळं अगदी सरळ सांगून टाकलं. "ही देवी आहे. हिला दुसऱ्या एका घरी जायचं होतं. पण आता तुमच्या दारात आली, तर तुम्ही दिवा ओवाळल्याशिवाय तिला जाता येणार नाही. आणि खाली ठेवता येत नाही. या माणसाने," माझ्याकडे अंगठा, "रस्ता चुकवला."

ब्रीडाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग थंडीत काय उभं केलंय तिला? आत या." असं कुणी देवीला 'तिला' म्हणेल, तेही पहिल्या भेटीत, असं मला वाटलं नव्हतं. आम्ही पालखीसकट दारामागच्या अरुंद बोळात शिरलो. त्या ओट्याकडे गेल्या, प्रेस उघडला (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात), भांडी खडखडवली आणि एक मेणबत्ती घेऊन आल्या. खरी नव्हे. प्लास्टिकची, विजेची, बटण दाबलं की पेटणारी.

"नाताळची आहे," त्या जराशा लाजून म्हणाल्या. "आदल्या रात्री खिडकीत ठेवतो आम्ही. आमच्या देवाची आई, दिवस भरलेली बाई, दारोदार हिंडली आणि कुणी दार उघडलं नाही, असं पुन्हा होऊ नये म्हणून. चालेल का हिला?"

चिन्मयने सकाळपासून पहिल्यांदाच गुडघे वाकवले. मग म्हणाला, "चालेल, आजी."

त्या बोळातच उभ्या राहून ओवाळायला लागल्या. वायर लोंबत होती. आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागून, उघड्या दारातून, धापा टाकत आवाज आला:

"उलटा ओवाळत्येय गो ती!"

माई. नऊवारीवर जावयाचं जाकीट, पायात जावयाचेच बूट, तेही उलटसुलट. आयर्लंडला आल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर एकट्या पडल्या नव्हत्या. नंतर संदेशने सांगितलं, की ढोल ऐकू आला तशा माई ताठ झाल्या. आवाज जवळ यायच्या ऐवजी बाजूला सरकू लागला, मग थांबला. तेव्हा त्या उठल्या, "आपलं दार चुकलं तिनं," एवढंच म्हणाल्या आणि धावत सुटल्या. कुंपणाच्या फटीतून, डॅफोडिल्स तुडवत. मागे संदेश, त्याच्यामागे पोट सांभाळत ताई.

मी सगळं संपलं असं समजलो. देवी आपल्या दारी न येता परक्याच्या दारी गेली, ओवाळण्याचा पहिला मान परकीला मिळाला, यावरून गावात डोकी फुटली असती. मी म्हटलं, "माई, माझी चूक झाली. मी गल्ली..."

"तू चुकलास. ती चुकत न्हाय." माई माझ्याकडे न बघता पुढे झाल्या, ब्रीडाबाईंच्या मागे उभ्या राहिल्या, त्यांचा मेणबत्तीचा हात आपल्या हातात घेतला आणि उजवीकडून फिरवला. "अशी. अशी घ्यायची." दोघी ओवाळत राहिल्या. वायर दोघींच्या मनगटाला गुंडाळली गेली. माईंचे डोळे तसबिरीवर होते, ब्रीडाबाईंचे माईंवर.

मग माई हात जोडून गाऱ्हाणं घालू लागल्या. गावाला ते गुरव घालतो, आणि दर वाक्याला जमलेली माणसं साद देतात. "हे आई, परमुलखात आलीस, वाट काढत आलीस..." इथे त्या थांबल्या आणि वळून आमच्याकडे पाहिलं. संदेशने साद दिली, "व्हय महाराजा!" "ह्या बायनं तुला दार उघडलान, तिच्या घराला कायम उघडा ठेव..." "व्हय महाराजा!" या वेळी कॉनरही होता, कासलबारच्या उच्चारात. "माज्या लेकीला सुखरूप मोकळी कर..." "व्हय महाराजा!" ताई रडत होती. "आनि ह्या अनिरुद्धाला तेवढी वाट दाखव!" सगळ्यात मोठी साद त्याला पडली. ब्रीडाबाईंनीही दिली.

पालखी मग ताईच्या घरी गेली. ब्रीडाबाईही आल्या, कोट घालून, सोडा ब्रेड आणि लोण्याची थाळी घेऊन. तिथे साग्रसंगीत ओवाळणी झाली, पाटावर पालखी टेकली, माझा खांदा माझ्याकडे परत आला. माईंनी तासाभरात पुरण घातलं. धुराचा अलार्म वाजला, चिन्मय सवयीने टॉवेल घेऊन उठला. ब्रीडाबाई पोळीवर लोणी थापून खात होत्या आणि "लव्हली" म्हणत होत्या. पण माई मात्र बसेनात. ओट्यापाशी उभ्या, पदराला हात पुसत. हात कोरडे झाले तरी पुसत.

"संदेशा," त्या एकदम म्हणाल्या, "आपल्या वाडीत पालखी कधी?"

"उद्या सकाळी."

"पार्वतीला फोन लाव."

संदेशचा आपल्या कानांवर विश्वास बसेना; ताईने मान हलवली तेव्हा कुठे त्याने नंबर लावला. फोन लागला. स्पीकरवरच होता, माईंना फोन कानाला लावायला आवडायचं नाही.

"पार्वते, मी बोलत्येय."

पलीकडे रातकिडे किरकिरत होते.

"बोल," पार्वतीकाकू.

"उद्या पालखी येल. चावी माझ्यापाशी हाय. तू कुलूप फोड नि दार उघड. ओवाळ माज्या वतीनं."

"कुलूप कशाला फोडू?"

माईंचा चेहरा पडला. "बरा. नको तर नको."

"अगो, कुलूप कशाला फोडू? तुजा कोयंडा किती वर्सां सैल हाय. जरा वर उचलून ढकलला की उघडतो. तू गेल्यापासून तुज्या देवांपुढं रोज तिन्हीसांजेला दिवा कोन लावतंय मग?"

माईंचं तोंड उघडं राहिलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रक्त चढायला लागलं.

"माज्या घरात? मला न इचारता? रोज?"

"इचारणार कशी? तू बोलत न्हायस!"

"चोरटी मेली! नि फणस? फणस खाल्लेस ते?"

"माज्या अंगणात पडले, खाणार न्हाय तर काय पुजणार?"

त्यानंतर जे भांडण झालं त्याला तोड नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. फणस आला, बांध आला, कुणाच्या तरी लग्नातलं कमी पडलेलं मटण आलं. ब्रीडाबाईंनी घाबरून मला विचारलं, "वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, "नाही, खूप चांगली आहे." माई खुर्चीत बसल्या होत्या, एका हाताने डोळे पुसत आणि दुसऱ्याने फोनवर बोट नाचवत. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या रांगोळी घाल दारात. तुजी ती वाकडी नको घालू!" आणि फोन ठेवला. मग जिन्याखाली गेल्या, बॅग उघडली, आणि कपडे काढून कपाटात लावायला लागल्या. घड्या घालून, एकेक. संध्याकाळ नव्हती झाली.

ताईची मुलगी आठवड्यानेच जन्मली. आता ती कॉलेजात आहे, मराठी सगळं समजतं तिला, पण उत्तर कॉनरच्या सुरात देते. मला ती 'युवर मॅन विथ द ड्रॉवर' म्हणते, म्हणजे 'तो खणवाला'. माई त्यानंतर गावाला परतल्या, पार्वतीकाकूंशी शेवटपर्यंत कडाडून भांडत राहिल्या. कोयंडा त्यांनी दुरुस्त करू दिला नाही.

आता आमच्याकडे खरी लाकडी पालखी आहे, हॉल आहे, ढोल-ताशे आहेत, पंधरा-वीस विद्यार्थी खांदा द्यायला भांडतात. पण पालखी आधी कोर्टातल्या बावीस नंबरला जाते, तिथली मेणबत्ती ओवाळून घेते, नारळ घेते, मग बाकी सगळीकडे. नवीन पोरं कारण विचारतात तेव्हा मी गंभीर होऊन सांगतो, 'तो पहिला मान आहे.' पोरं मान डोलावतात.

ब्रीडाबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या लेकीने घर विकलं. यंदा पालखी त्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि पोरं थबकली. माझ्याकडे पाहायला लागली. नवीन माणसं, कोण कुठली, कशाला त्रास. मीही म्हणणार होतो, 'पुढे चला.' पण ढोल वाजत होता, खांदेकऱ्यांचा तोल पुढे गेला आणि पालखी सवयीने वळली.

दार आधीच उघडं होतं. उंबऱ्यावर एक तरुण बाई उभी होती, कडेवर मूल, हातात ती प्लास्टिकची मेणबत्ती आणि केकसाठी मिळतो तो सुक्या खोबऱ्याच्या किसाचा पुडा. "घर घेताना त्यांच्या मुलीने सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "मार्चमध्ये एक बाई येईल, तिला दिवा दाखवायचा, नारळ द्यायचा, मगच ती जाते. अख्खा नारळ मिळाला नाही. चालेल ना?"

सगळी माझ्याकडे वळली. मी खुर्चीतून उठलो होतो, हे मला तेव्हा कळलं. उत्तर देण्याआधी, का कोण जाणे, मी दारावर नजर टाकली. नंबर बावीस. गल्ली चुकीचीच होती.